घासून काढलेलं शेवाळ

प्रिय आप्पा,

आज सकाळी पाण्याचा रिपोर्ट हातात पडला आणि पहिली आठवण तुमचीच आली. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. फोन लावायची सोय नाही, म्हणून लिहितेय.

निकेल उतरलंय, आप्पा! प्लेटिंगचं, म्हणजे निकेलचा मुलामा देताना निघणारं, सांडपाणी चुना टाकून निवळलं तरी त्यात थोडं निकेल उरायचंच. ते आता ड्रममधलं शेवाळ ओढून घेतंय.

ड्रम म्हटलं की तुम्हाला कसंतरी होत असेल ना? मलाही होतं.

कारेगावच्या त्या कारखान्यात तुम्ही वीस वर्षं पाणी निवळत होतात. मी, तुमची लेक, तिथेच केमिस्ट म्हणून लागले ती काल-परवा. पहिल्याच दिवशी तुम्ही ग्लास उजेडात धरून म्हणालात, "बघ, कसं नितळ हाय! ह्यात काय ऱ्हायलंय सांग." निकेल डोळ्यांना दिसत नाही म्हटलं, तर नुसते हसलात. तुमच्या लेखी नितळ ते स्वच्छ आणि हिरवं ते घाण. आपल्या न्हावरे गावच्या घरी हौदाला जरा हिरवट कड आली की तुम्ही काथ्या घेऊन आत उतरायचात.

तसेच त्या सोमवारी लवकर येऊन माझे सहाही ड्रम ब्लीचिंग पावडर टाकून लख्ख घासलेत. वर मलाच म्हणालात, "सायेब यायच्या आत उरकलं बघ. तुझी अब्रू राखली!"

आणि मी सगळ्या शिफ्टसमोर ओरडले, "किती अडाणी आहात तुम्ही!"

तुम्ही काथ्या धुऊन वाळत टाकलात.

घासण्याआधी एकदा विचारायचं तरी, आप्पा! पण तुम्हाला शंका यावी असं मी काय ठेवलं होतं? ड्रमवरचं लेबल इंग्रजीत, तुम्ही मराठी सातवी. शेवाळ मुद्दाम का वाढवतोय हे साहेब लोकांना मी प्रोजेक्टर लावून समजावलं. रोज ड्रमाशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र सांगितलं नाही. मग अडाणी कोण होतं?

खरी गोष्ट तर तुम्हाला कळलीच नाही. शेवाळाचं बियाणं लॅबमध्ये बाटलीत राखून ठेवलेलं होतं. तुमच्यामुळे काहीही बुडालं नव्हतं, फार तर पंधरा दिवसांचा उशीर! हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मी फुगून बसले. तुम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या दारात येऊन विचारायचात, "आलं का गं परत?" मी मान वर न करता म्हणायचे, "बघू."

दहाव्या दिवशी छातीत कळ येऊन तुम्ही गेलात. पोरीच्या कामाचं आपण वाटोळं केलं, हेच मनात घेऊन गेलात. याचं मला फार वाईट वाटतं, आप्पा.

ड्रमांवर आता ऑइलपेंटनं मोठ्या मराठी अक्षरांत लिहून घेतलंय: 'शेवाळ मुद्दाम वाढवले आहे. घासू नये.' पण तेवढ्यानं भागत नाही. सोमवारी शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना थांबवून सांगणार आहे, की चूक माझी होती, आप्पांची नव्हती. त्या दिवशी ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं सांगेन.

तुमची,
सुनीता