पुसण्याआधी पाय दाखव

९ फेब्रुवारी

लिहायचं लिहायचं म्हणत आत्याकडे पंधरवडा घालवला. रोज उद्यावर ढकललं. आज बसलेय, कारण आत्याचा कॉम्प्युटर मेला!

निळा पडदा, पांढरी अक्षरं, बंद. पुन्हा निळा पडदा.

आत्या बूट शिवते. वाकडे, आखूड, बोटं गेलेले पाय असतात ना, ज्यांना दुकानातले बूट होत नाहीत, त्यांच्यासाठी. गिऱ्हाईक काचेवर उभं राहतं, काच पायाचं चित्र कॉम्प्युटरला देते, त्यावरून आत्या लाकडी साचा तासते. सगळ्यांचे पाय त्याच डब्यात. पोस्टातल्या बाईंचाही. त्यांचा डावा अपघातात चेपलाय. सोमवारी त्या पुन्हा टपाल वाटायला निघणार, आणि साचा अजून लाकडातच आहे.

मी म्हटलं, "सिस्टीम नव्याने टाकते. त्यात काय मोठंसं! डिस्क कुठायत?"

आत्या फडकं झटकत म्हणाली, "तुझ्या बापाकडे."

१० फेब्रुवारी

निळ्या खोक्यांची गोष्ट आज पुरी कळली.

पूर्वी हे बहीणभाऊ मिळून काम करायचे. काच आणि कॉम्प्युटर बाबांनी आणले. आत्या म्हणाली, "पाय हातात घेऊन मोजायचा असतो. काचेला काय कळतंय?" झालं, वाजलं! बाबा रागारागात आपल्या हत्यारांचं खोकं उचलून गेले. पण खोकी दोन होती, दोन्ही निळी. डिस्क तिकडे गेल्या, रापी-आरी इथेच राहिली.

आत्या म्हणते, आधी त्याने आणून द्यावं. बाबा म्हणत असणार, आधी तिने मागावं. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट ही! दोघंही एका माळेचे मणी.

आणि खरी गंमत पुढेच. बाबा गेल्यावर आठवडाभरात आत्या काच वापरायला लागली. आजतागायत वापरतेय. त्यांना पत्ता नाही.

"त्याला फोन केलास तर याद राख, भटकभवानी. मिशीत हसेल तो."

नको तर नको. डिस्क कुठूनही मिळवीन, फक्त सिस्टीम टाकताना विचारतात तो, डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर हवा. बघायला गेले तर चिठ्ठी कोरी करकरीत! आत्या रोज सकाळी कातडं पुसते, त्याच फडक्याने डबाही पुसते.

"मग काय, घाण ठेवू?" म्हणे.

११ फेब्रुवारी

डबा निदान तात्पुरता जागा व्हावा म्हणून वाचनालयात फुकटची सिस्टीम पेनड्राइव्हवर उतरवायला गेले. शेजारच्या कपाटात दीपगृहांवरचं पुस्तक दिसलं. दीपगृहात राहायला काय मज्जा येईल! दिवस त्यात गेला. पेनड्राइव्ह तिथेच विसरले.

१२ फेब्रुवारी

पेनड्राइव्ह आणला. डबा त्यावरून चालू केला आणि जागा झाला! पडद्यावर 'पाय' नावाचा फोल्डर होता, तो पेनड्राइव्हवर उचलून घेतला.

मग डब्याच्या पोटात डोकावले, तर एक वेगळा कप्पा! बनवणाऱ्यांनी आख्खी सिस्टीम, काचेच्या प्रोग्रामसकट, आधीच तिथे दडवून ठेवलेली. ना डिस्क हवी, ना नंबर. मी खुर्चीवर चढून नाचले.

अट एकच — बाकी सगळं पुसलं जाणार. पुढे जायचं? माझं बोट 'हो'वर.

"थांब," आत्या म्हणाली. "आधी पोस्टातल्या बाईंचा पाय दाखव."

"अगं घेतलेत सगळे."

"साचा पायाला लावून बघितल्याशिवाय मी कातडं कापत नाही. पुसण्याआधी पाय दाखव."

दाखवायला फोल्डर उघडला. काही नाही. मी उचलला होता तो पडद्यावरचा नुसता बाण, शॉर्टकट! दारावरची पाटी घेऊन आले, घर तिथेच. एवढ्या माणसांचे पाय मी आत्ता एका बोटाने —

खरं घर शोधेपर्यंत दुपार टळली. मी घामाघूम. आत्या मध्येच फोन घेऊन बाहेर जाऊन आली. का, ते विचारायचं भान मला नव्हतं.

शेवटी सगळे पाय सापडले. ते घेतले, एकेक उघडून पाहिले. बाईंचा डावा, चेपलेला अंगठा, सगळं जागच्या जागी.

आता हात धुवून जेवते. पुसायचं उद्या.

१३ फेब्रुवारी

पुसलं. टाकलं. चाललं!!

डबा पहिल्या दिवशीसारखा लख्ख. पाय परत भरले. काच नीट आहे का बघायला आत्या स्वतःच वर उभी राहिली. लगेच बाईंचा साचा तासायला बसली. सोमवार गाठणार! मला आता या शहरात काही काम उरलं नाही. एखादं दीपगृह बघावं म्हणते.

आत्या खूश दिसायला हवी ना? तासता तासता म्हणाली, "झालाच म्हणायचा चालू." जणू मी काहीतरी मोडलंय.

"नको होता का?"

"तसं नाही गं. काल तू पांढरीफटक पडलीस, तेव्हा मी..." आणि पुन्हा तासायला लागली.

१४ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातून लिहितेय, घाईत. दारात बाबा! काखेत निळं खोकं. रात्रभर प्रवास करून आलेत. पहिलं वाक्य, "काचेला काय कळतंय, नाही का?" आत्या चक्क हसली, चहा ठेवते म्हणून आत आली आणि माझा दंड धरून कानात म्हणाली, "चालू झालाय म्हणून सांगू नकोस हं."

मागच्या दाराने जाऊन डब्याची वायर उपटून आलेय.