शब्दकोशाचा पुठ्ठा

ब्योंगचोलदादा,

काल अमेरिकेहून आलेल्या तुझ्या नातवासमोर तू म्हणालास, "ओकसूनला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही!" सगळे हसले. मीही हसले.

शाळेत असताना शब्दकोशाचं पान पाठ झालं की तू ते फाडून चावून गिळायचास. गावातली सगळीच पोरं तसं करायची. शब्द पोटात राहतात म्हणे. आई कौतुकानं पाणी द्यायची. मी रडायचे, "दादा, मला ठेव ना!"

"तुला कशाला? गिरणीतल्या मशिनी इंग्रजी बोलतात?"

तू पास झालास आणि मी गिरणीत गेले. उरलेला पुठ्ठा मी अजून जपलाय. आत बाबांचं अक्षर आहे : 'आधी ब्योंगचोल, मग ओकसून.'

हे पत्र धाडणार नाही. गिळायची सवय मलाही झालीय.

ओकसून