दोन मुठींचा रंधा

११ जाने. १९५३, रवि.
बाजारातून आणलेली कुबडी यांनी आज भिंतीवर भिरकावली. डावी बगल सोलली आहे. अर्धांगाला अडीच महिने झाले. उजवं अंग लुळं, बोलणं गेलं. सतरा वर्षं शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं आणि स्वतःला टेकायला धड लाकूड नाही. रजा ३१ला संपते. हेडमास्तर म्हणाले होते, "वर्गात उभे राहिले तर बघू." उभे राहायचे कसे?

१२, सोम.
यांची हत्यारांची पेटी मी लग्नानंतर प्रथमच उघडली. कुबडीची बगलेत रुतणारी वरची पट्टी गोल करायची तर तो दोन मुठींचा छोटा रंधा हवा. हे त्याला स्पोकशेव्ह म्हणत. सापडला, पण गंजलेला. तसाच चालवला. नुसता कडकड नाचला, लाकडावर दातरे पडले. यांनी डोळे मिटून घेतले.

१३, मंगळ.
मल्हारगंज मोहल्ल्याच्या तोंडाशी रामलालजी मिस्त्रींचं दुकान आहे, त्यांना रंधा दाखवला. म्हणाले, "भाभीजी, मास्टरसाब का औजार है, मैं हाथ नी लगाऊँगा. आप करो, वो बताएँगे." मी म्हटलं, ते बोलत नाहीत. "आँख से तो बताएँगे."
रागच आला. नंतर वाटलं, बरोबर आहे त्यांचं.

१४, बुध. संक्रांत
धार लावायची तर रंध्याचं पातं एवढंसं, बोटांत धरवत नाही. यांनी डाव्या हाताने पेटीतला लाकडाचा ठोकळा दाखवला, त्याला खाच आहे. पातं खाचेत बसवलं. मग धरता आलं. आधी पात्याची पाठ सपाट केली, तेल टाकून धारेच्या दगडावर, तासभर. संध्याकाळी हळदीकुंकवाला हात काळेच. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "हे काय हो?" म्हटलं, तवा घासत होते.

१७, शनि.
धारेचा उतार सारखा बिघडतो. मी मनगट हलवते. हे जिभेने "चक्" करतात. पन्नास वेळा चक्. शेवटी मी ओरडले, "मग करा ना तुम्ही!"
दुपारी हे जेवले नाहीत. मीही नाही.

१८, रवि.
सकाळी यांनीच दगड पुढे सरकवला. माझ्या मनगटावर डावा हात ठेवून बसले. मनगट हललं नाही. थोड्या वेळाने पात्याच्या मागे बोट फिरवून पाहायला लावलं, बारीक खरखर लागली. म्हणजे धार आरपार पोचली. मग ती खरखर दगडावर काढली, चामड्याच्या पट्ट्यावर पातं मागे ओढलं. मनगटावरची लव उडाली. हे हसले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

२०, मंगळ.
तरी कडकड. रामलालजी येऊन बघून गेले: "पत्ती नीचे से हिल री है." पात्याखालच्या बैठकीत जुना रंग आणि गंज साचलेला. कानशीने घासून सपाट केलं. आता पातं घट्ट बसतं. पण पात्यापुढची फट मोठी, म्हणून पात्याखाली जाड कागदाची पट्टी घातली. हे यांनीच सुचवलं, कॅलेंडरचं पान फाडून.

२२, गुरु.
यांच्या एका हाताने हा रंधा चालत नाही. म्हणून डावी मूठ यांच्या हातात, उजवी माझ्या. मी जोरात ओढलं की ते थांबतात. दोघांचं जमेपर्यंत दुपार झाली. मग एकदम आवाज बदलला, सुर्र. लाकडाची कातळी निघाली, पातळ, लांब. उंचाकडून खोलाकडे जायचं, उलट गेलं की लाकडाच्या रेषा उचकटतात. हे मला कळलं, कोणी सांगितलं नाही.

२६, सोम.
पट्टी गोल झाली. वर जुन्या लुगड्याची गादी शिवली. हे दिवाणखान्यात भिंत न धरता चार पावलं चालले.

२९, गुरु.
हेडमास्तर आले. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, शिकवणार कसं? बोलता तर येत नाही."
यांनी मला खूण केली. रंधा घेतला, दोघांनी धरला. मी मुद्दाम चुकीच्या दिशेने ओढलं. यांनी थांबवलं, लाकूड फिरवलं, रेषा बोटाने दाखवली. मग नीट कातळी काढली. हेडमास्तरांनी कातळी बोटाला गुंडाळली. म्हणाले, "मी वर लिहितो. शिक्षण खातं काय म्हणेल, सांगता येत नाही."
रात्री यांना झोप नव्हती. मलाही.

३ फेब्रु., मंगळ.
परवापासून बिनपगारी रजा धरली आहे. खात्याचं उत्तर नाही. दुपारी गल्लीत टपालवाल्याच्या सायकलची घंटी वाजली. मी उठणार तोवर हे कुबडी घेऊन दाराकडे निघाले होते. मी जागेवरच बसून राहिले.