फणसाच्या गिटारवरचा डाग

रविवार, १२ एप्रिल. लाटंबार्से

मी घरी बनवत असलेल्या इलेक्ट्रिक गिटारला आज लाकडात मुरणारा रंग दिला, आणि बरोबर मध्यभागी एक पांढरट डाग उरला. दोन फळ्यांच्या सांध्यातला गोंद मी नीट पुसला नव्हता, दुसरं काय! गोंदावर रंग धरत नाही, हे मला माहीत नव्हतं का? तीन महिने फणसाचं लाकूड तासलं आणि घाई केली ती शेवटी. चिडून सगळाच रंग पॉलिशपेपरने घासून काढला. डाग गेला, पण रंगाचा डबाही संपलेला.

तेवढ्यात आई काजूच्या फळांची, बोंडूंची टोपली घेऊन बागायतीतून आली. तीन महिन्यांत तिने या गिटारबद्दल एक शब्द विचारला नव्हता. म्हणाली, “रडतस कित्याक गो? बोंडू घास. तुझ्या एका तरी फ्रॉकावरचो काजूचो डाग माका काढूक जमलो?”

आणि स्वतःच पिकलेले बोंडू पिळून फळीवर रस चोळायला बसली. उन्हात लाकूड तांबूस होत गेलं. तो डाग आता शोधूनही सापडत नाही. टिकेल ना हा रंग? त्यावर लॅकरचा चकचकीत थर बसेल? बघू.

आईच्या साडीवर मात्र रसाचे डागच डाग. म्हटलं, “आई, तुझी साडी गेली गो.”

“जावंदे. तू वाजवतलंस त्या दिसा हीच नेसतलंय.”