चौदा नंबरची खाट

अहिल्यानगर
(हात अजून ‘नगर’च लिहायला जातो)
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. भीमराज,

सप्रेम जय भीम. तुला, पंकजाला आणि सुकन्येला उदंड आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, एरवी तक्रार नाही. राजूरला थंडी पडली असेल. तुझ्या शाळेतली पोरं आंघोळीची गोळी घेऊन येत असतील आणि तू काणाडोळा करत असशील. करणारच. लहानपणी तू दुसरं काय करायचास?

सुकन्येला एमबीबीएसची सीट लागली हे कळलं त्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटले. शुगरवाल्यांना देऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी दोघांनी पळवलेच. आपल्या घरातली पहिली डॉक्टर. आई असती तर तिनं खर्ड्याच्या बाजारात एकेकाला थांबवून सांगितलं असतं, ओळख असो नसो.

आणि नेमकं आमचंच कॉलेज लागलं. गुरुवारी तू फोनवर म्हणालास, “आक्का, तुजंच कॉलेज हाय. तू व्हय म्हन, मी डोळं झाकून पोरीला आनून सोडतो.” मी “आवाज येत नाही रे, रेंज गेली” म्हणून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती.

शुक्रवारी प्रवेशाची मुदत संपते, त्याआधी तुला उत्तर द्यायला हवं. फोनवर ते मला जमणार नाही. तू मध्येच काहीतरी मायेचं बोलशील आणि मी विषय बदलीन. म्हणून हे पत्र. कानिफनाथ, आमचा वॉर्डबॉय, तुमच्याच अकोले तालुक्यातला आहे. उद्या तो गावी निघालाय, राजूरला येऊन तुझ्याच हातात देईल. आधी एकट्यानं वाच, मग दोघींना दे.

आधी कॉलेजचं सांगते, कारण ते सोपं आहे.

इमारत बांधली, पाटी लावली की मेडिकल कॉलेज झालं, असं नसतं. दिल्लीच्या आयोगाची परवानगी लागते. त्यांचे डॉक्टर तपासणीला येतात, आणि कधी येणार ते सांगून येत नाहीत. खाटा किती, त्यांतल्या भरलेल्या किती, प्रोफेसर किती हजर, सगळं मोजतात. पास झालं की पहिली बॅच घेता येते. मग दर वर्षी पुन्हा तपासणी, आणि पहिली पोरं शेवटच्या परीक्षेला बसली की कायमची मान्यता. नियम चांगले आहेत, भीमा. दवाखान्यात पेशंटच नसतील तर पोरं शिकतील कशावर? नियम करणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही.

पण तीन वर्षांपूर्वी, २०२२च्या नोव्हेंबरात, आमच्याकडे खाटा होत्या आणि पेशंट नव्हते. दवाखाना नवीन, गावाबाहेर, लोकांना नाव ठाऊक नाही. पाच खाटांमागे एक भरलेली. संस्थेचा कारभार पाहणारे रविराज साहेब, त्यांना कुठूनतरी कुणकुण लागली की दोन दिवसांत तपासणी आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “सिस्टर, तुमच्या खर्ड्याकडची माणसं येतील का? एक दिवस झोपायचं फक्त. चहा-जेवण आपलं, टेम्पो आपला.”

तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली नर्स म्हणून काढली होती. मेट्रनच्या खुर्चीत बसून आठ महिने झाले होते. मी हो म्हणाले. कुणी जबरदस्ती केली नाही, हे इथं लिहून ठेवते.

दिवाळी होऊन महिना झालेला. वस्तीतली कामाची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली, मागं उरलेली सगळी म्हातारी. त्यामुळं आमचे मेडिसिनचे वॉर्ड गच्च भरले आणि बाळंतिणींच्या वॉर्डात चिटपाखरू नाही. रविराज साहेब मला विचारतात, “दोन-तीन आज्या तिकडं हलवता येतील का?” मी म्हटलं, “साहेब, तपासायला येणारे डॉक्टर असतात.” तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

त्या टेम्पोत आई होती.

तिला मी बोलावलं नव्हतं, ती आपणहून बसली, असं मी तुला त्या वेळी सांगितलं असतं, पण तू कधी विचारलंच नाहीस, कारण तुला या टेम्पोबद्दल काहीच ठाऊक नाही. मी बोलावलं होतं. खाट भरायला माणूस कमी पडत होतं म्हणूनही नाही. आईनं मला त्या खुर्चीत बसलेलं बघावं असं मला फार वाटत होतं. कुणाला सांगायचं नाही, भीमालाही नाही, अशी मी तिला शपथ घातली. ती तिनं शेवटपर्यंत पाळली.

पेशंट आजच आलाय असं दिसून चालत नाही. तीन दिवसांपासून दाखल आहे असं दिसावं लागतं. म्हणून प्रत्येक खाटेला तक्ता: ताप, नाडी, बीपी, सकाळ-दुपार-रात्र. तो कसा भरायचा ते माझ्या नर्स पोरींना मीच शिकवलं. दिवसाच्या नोंदी निळ्या शाईत, रात्रपाळीच्या लाल. सगळ्यांना १२०/८० लिहू नका, लगेच ओळखू येतं, कुठे ११८ घाला, कुठे १२४. एकाच हातानं सगळं लिहू नका. इतक्या वर्षांत जे शिकले होते ते सगळं मी त्या दिवशी तिथं कामाला लावलं.

आई चौदा नंबरच्या खाटेवर होती. तिचा तक्ता मी स्वतः भरला. आजार ‘ताप’, तीन दिवस. बीपी १२२/८०, ११८/७८, १२०/८०. तिच्या जुन्या बीपीच्या गोळीचं नाव लिहिलं नाही, कारण मग वेगळा कागद, वेगळी तपासणी, वेगळी सही, एवढा वेळ कुणाला होता. दुसऱ्या दिवशीच्या तारखेचं डिस्चार्ज कार्डही तेच आकडे उतरवून तेव्हाच करून ठेवलं.

मी लिहीत असताना ती म्हणाली, “यशे, डोकं लई जड झालंय सकाळपास्नं. डोळ्याम्होरं कायतरी हालल्यावानी हुतंय.”

बीपीचं मशीन शेजारच्या टेबलावर होतं. हात लांब केला असता तर पोचला असता. जिन्यावर बुटांचे आवाज यायला लागले होते. मी म्हटलं, “आई, आत्ता फक्त पेशंटासारखी झोप. मग बघते.”

तपासणीला आलेल्यांपैकी एक बाई चौदा नंबरपाशी थांबल्या. काय होतंय आजी, म्हणून विचारलं. आई पढवल्याप्रमाणं म्हणाली, “ताप हाय तीन दिसांपास्नं.” आणि मग तिला राहवेना. “पर काळजी न्हाई बाई. ही मोठी सिस्टर हाय ना, ती माजीच पोरगी हाय. ती बघती माज्याकडं.” त्या बाई माझ्याकडं बघून हसल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. अभिमानानं मला रडू येईल की काय असं झालं होतं. आता ते आठवलं की लाज वाटते.

“मग बघते” म्हणाले होते, ते राहून गेलं. संध्याकाळी परतीच्या टेम्पोची घाई होती. सगळ्यांचे कागद काढून रेकॉर्डला जमा करायचे होते. एक कार्ड कमी भरलं. चौदा नंबरचं. आईनं ते पोलक्यात घालून नेलं होतं, कारण डॉक्टरांच्या सहीखाली माझी सही होती. आपल्या आजीला शाळेच्या ओट्याला हात लावू देत नव्हते, आणि आईनं चाळिशीत रात्रीच्या वर्गात बसून स्वतःचं नाव गिरवलं. लेकीची सही असलेला सरकारी दिसणारा कागद ती मागं ठेवून येईल, हे कसं होणार? माझ्या लक्षात आलं होतं. मी तिला फोन केला नाही. राहू दे तिच्याकडं, म्हटलं, कौतुकाला.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुला ते जसं ठाऊक आहे तसं ते नाही.

डिसेंबरच्या शेवटी तू रजेवर खर्ड्याला गेलास. आईनं तुला कार्ड दाखवलं. “आक्कानं तीन दीस ठिवून घेतलं हुतं, समदं तपासलं,” म्हणाली. तू मास्तर माणूस, कागद नीट वाचणारा. तीन दिवस, बीपीची गोळी नाही, तरी बीपी नॉर्मल. आणि ती गोळीनं चक्कर येते, सारखं लघवीला लागतं म्हणून कुरकुरत होतीच. तू थांबवलीस. तेही सरळ नाही, आधी मला दोनदा फोन केलास. मी उचलला नाही, परवानगीच्या कागदांची धावपळ होती. मग तुझा मेसेज आला. २८ डिसेंबर. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे. “आक्का, तुमच्या दवाखान्याचं कार्ड बघून आईची गोळी थांबवली. बरोबर केलं ना?”

मी तो वाचला, भीमा. तेव्हाच वाचला. तुला वाटतं मी गडबडीत असेन, धड वाचला नसेल. मी एकटी बसून नीट वाचला. पहिल्या सेकंदाला मला कळलं की त्या कार्डावरचा एकही आकडा खरा नाही. मी लिहिलं, “थांबवू नको.” मग वाटलं, तू विचारशील का म्हणून. तुझ्यासारख्याला खोटं सांगून भागत नाही, एकेक धागा ओढत तू टेम्पोपर्यंत आला असतास. मी ते पुसलं आणि “भेटल्यावर बोलू” असं पाठवलं.

तुला वाटलं असेल, आक्कानं नाही म्हटलं नाही, म्हणजे बरोबरच असेल.

रोज म्हणत होते, उद्या सांगते. काहीतरी दुसरं निमित्त शोधत होते, की गोळी पुन्हा सुरू होईल आणि कार्डाचा विषय निघणार नाही. डॉक्टर बदललेत म्हणावं का, नवीन गोळी आलीय म्हणावं का. बारा दिवस गेले. ९ जानेवारीला आई न्हाणीत पडली. मेंदूत रक्तस्राव. जामखेडपर्यंतही पोचली नाही.

स्मशानातून आल्यावर तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलास. “आक्का, मीच गोळी बंद केली.” मी तुझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, “तुझी चूक नाही रे.” ते खरं होतं. तेवढंच खरं बोलून मी थांबले. कुणाची चूक ते सांगितलं नाही.

चार-पाच महिन्यांनी कॉलेजला परवानगी आली. फटाके वाजले. मला शाल दिली.

आता सुकन्येचं. आज आमचा दवाखाना खराखुरा भरतो. लांबलांबून लोक येतात, बाळंतिणींच्या वॉर्डात खाली गाद्या टाकाव्या लागतात. शरीरशास्त्राच्या मॅडम कॅम्पसवरच राहतात आणि जीव तोडून शिकवतात. मेडिसिनमधल्या दोन प्रोफेसरांची नावं मात्र अजून नुसती कागदावर आहेत. पोरगी इथं डॉक्टर होऊ शकेल, होईलही. पण तू डोळे झाकून तिला सोडणार म्हणतोस, आणि तेही माझ्या शब्दावर, ते मला नको. बुधवारी तुम्ही तिघं या. आल्याचं मला कळवू नका. सरळ वॉर्डात शिरा, खाटेवरच्या माणसांना विचारा, कधीपासून आहात, कोणी तपासलं, हाताला बीपीचा पट्टा बांधला का. सुकन्येला विचारू दे. मग ती काय ठरवेल ते ठरवू दे. तिला इथं यायचं नसलं तर मला वाईट वाटेल, राग येणार नाही.

आयोगालाही मी लिहायला घेतलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. पण ते पाकीट अजून बंद केलेलं नाही. तुझ्याआधी दिल्लीला सांगणं मला बरं वाटेना.

आणि ज्यासाठी एवढं लिहिलं ते. दर ९ जानेवारीला वंदना झाली की तू विहारात उभा राहतोस आणि सगळ्यांसमोर सांगतोस, “आईची गोळी मी बंद केली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं औषध कोणी मनानं बंद करू नका.” दोन वर्षं मी पुढच्या सतरंजीवर बसून हे ऐकलं. बायका डोळ्याला पदर लावतात, मीही लावते. मागच्या वर्षी भागूबाई माझ्या कानात म्हणाली, “किती मोठ्या मनाचा हाय गं तुजा भाऊ.” ती स्वतः त्या दिवशी पंधरा नंबरच्या खाटेवर होती.

येत्या जानेवारीत तू उभा राहू नकोस. मी उभी राहणार आहे. समोर बसलेल्यांतली निम्मी माणसं त्या टेम्पोतून आलेली असतील, त्यांनाही ऐकायचा हक्क आहे. तू कोपऱ्यात बस, नाहीतर येऊ नकोस, तुला जमेल तसं. पण ते वाक्य पुन्हा तुझ्या तोंडून निघता कामा नये. ते तुझं नव्हतंच.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पत्र वाचून होताच तू फोन लावशील आणि म्हणशील, “जाऊ दे आक्का, झालं ते झालं.” तसं म्हणू नकोस. तीन वर्षं मी तेच ऐकायची वाट बघत होते आणि तेच मला मिळता कामा नये.

बारा दिवस आणि त्यानंतर तीन वर्षं गप्प बसलेली,
तुझी बहीण
यशोधरा