मला पाहणारा देव

प्रिय लोरेन,

रविवारी चर्चमधल्या बायकांच्या वर्गात चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीवर देवाचं एक हिब्रू नाव. त्या नावाचा देव आपल्याला कधी भेटला, ते सांगायचं. ओपलला 'यहोवा राफा' निघालं, म्हणजे बरं करणारा. तिनं अर्धा तास गुडघ्याचं ऑपरेशन ऐकवलं.

मला 'एल रोई' निघालं, मला पाहणारा देव. बायबलमधल्या, गरोदरपणी घर सुटलेल्या हागारेनं रानात त्याला दिलेलं नाव.

"बोल की वर्ना, कॉफी गार होतेय," ओपल म्हणाली.

मी आपल्या हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. सगळ्या गहिवरल्या. तेव्हापासून घरात कुठल्याही खिडकीशी गेले की मागे कुणीतरी उभं आहे, असं वाटतं.

बाबांनी तुला पोटुशी असताना बाहेर काढलं, त्या सकाळी मी झोपले होते, असं चाळीस वर्षं सांगत आले. झोपले नव्हते. तू फाटकापाशी थांबून वर माझ्या खिडकीकडे पाहिलंस, हात उचललास, आणि मी पडदा ओढला.

तुझा पत्ता ओपलकडे आहे. अजून मागितलेला नाही.

तो देव तेव्हा फाटकाकडे बघत असेल, तर पडद्यामागेही बघत होता.

तुझी धाकटी,
वर्ना