माझ्यानंतर झाडे कोण घेणार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खुर्च्या बनवणे, राहणार कारखान्याच्या वरच्या खोलीत, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरीणबाईंचे मत वेगळे आहे, पण मृत्युपत्राला डोके पुरते, असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. धाकट्या भावाने प्रयत्न केला, पण ते त्याला लहानपणापासून कधी जमले नाही आणि याही वेळी जमले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

एरवी मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसे नाही. हे मी जिवंत असताना, येत्या बाजाराच्या दिवशी, कारखान्याच्या फाटकात मोठ्याने वाचायचे आहे आणि त्याची एक प्रत फाटकावर चिकटवायची आहे. वकीलबाई म्हणाल्या, "असं कुणी करत नाही." मी म्हटले, "मग मी करते." या घाईचे कारण आधी सांगते, कलमे मागून येतील. वकीलबाईंना हा क्रम पसंत नाही.

आमच्या वडिलांची खुर्ची लांब, सरळ, जंगलातल्या लाकडाची होती. तसले लाकूड मिळेनासे झाले तेव्हा मी आसपासच्या गावांत जाऊन शेतकऱ्यांना सांगितले, बांधावर शिवणीची झाडे लावा, पिकाच्या मध्ये ओळी टाका, झाडे वयात आली की मी घेईन. सगळे हसले. शेतातल्या झाडाचा सरळ बुंधा जेमतेम छातीपर्यंत, वर फांद्यांचा पसारा. "याची खुर्ची होते होय?" मग मी वडिलांची खुर्ची बाजूला ठेवली आणि झाडाच्या मापाने नवी खुर्ची काढली. तिच्यात हातापेक्षा लांब तुकडा एकही नाही. कारागीर तिला थट्टेने 'तुकडी' म्हणू लागले आणि तेच नाव बाजारात चालले. बांधावर आपसूक उगवलेल्या जुन्या शिवणींपासून आम्ही ती बनवत आलो. ती खपते हे डोळ्यांनी पाहिल्यावर लोकांनी ओळी टाकल्या. त्या ओळी आता अर्ध्या वयाच्या आहेत.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यात होते. तिथून घरी आले त्याच दिवशी आमचा ट्रकवाला वर आला आणि दारातच थांबला. हा माणूस न बोलावता बसतो, म्हणून मी ओळखले की काहीतरी बिनसले आहे. म्हणाला, "उतारावरच्याने ओळ तोडली. अख्खी."

उतारावरचा म्हणजे ज्याचे शेत टेकडीच्या उतारावर आहे तो शेतकरी. सगळ्यात आधी ओळ त्याने टाकली होती. डॉक्टरीणबाईंनी जिना उतरायचा नाही असे बजावले होते. मी जिना उतरले, ट्रकमध्ये चढले आणि त्याच्या बांधावर जाऊन उभी राहिले. ओळीने जमिनीलगत तोडलेले बुंधे, आणि बाजूला सरपणाची मोळी. मी त्याला फैलावर घ्यायला गेले होते.

तो म्हणाला, "बोला बाई, काय बोलायचं ते. तुम्ही गेल्यातच जमा, असं बाजारात सगळे म्हणत होते. तुमच्यामागे ही झाडं घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ? ओळीच्या कडेला पीक कमी येतं, ते सोसलं. झाडं माती धरून ठेवतात म्हणून घरच्यांना समजावलं. पण सोसलं तुमच्या शब्दावर. शब्द तुमच्याबरोबर जाणार."

तो खरे बोलत होता. झाडाला माणसाहून सवड जास्त असते, आणि तोंडी शब्दाचे आयुष्य बोलणाऱ्याइतकेच. परत येताना ट्रकवाल्याने सांगितले की आणखी दोघांनी कुऱ्हाडीला धार लावली आहे. म्हणून हा कागद, आणि म्हणून तो फाटकावर.

कलम एक, कारखाना. जागा, छप्पर, आरा, यंत्रे आणि 'तुकडी'चे नाव मी माझ्या पुतणीला देते. ती धाकट्याची मुलगी, पण आऱ्यावर ती माझी आहे. अट अशी: माझ्या शब्दावर ज्यांनी बांधावर किंवा पिकात शिवण लावली, त्यांचे प्रत्येक झाड वयात आल्यावर त्या वेळच्या बाजारभावाने हा कारखाना विकत घेईल. वाकडे आहे, गाठाळ आहे, बारीक आहे, ही सबब चालणार नाही. कारखाना विकला, भाड्याने दिला, कुणाला भागीदार घेतले, तरी ही अट त्याच्याबरोबर जाईल, जशी छपराबरोबर गळती जाते.

मी पहिल्यांदा लिहिले होते की त्या शेतकऱ्यांनीही आम्हालाच विकले पाहिजे. पुतणीने वाचले आणि कागद माझ्यापुढे परत सरकवला.

"आत्या, हे काढ."

"का? आपण जन्मभर वाट बघायची आणि ऐनवेळी दुसऱ्याने चार पैसे जास्त दिले की पळाले?"

"पळू दे की. पायात दोरी बांधून कुणी झाड लावत नाही. आपण आपल्याला बांधून घेऊ, त्यांना नको. आपला भाव बरा असला तर येतील."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते वाक्य काढले. कारखाना तिला का, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर याहून वेगळे उत्तर माझ्यापाशी नाही.

कलम दोन, शिल्लक. माझी बचत धाकट्याला मिळेल असे त्याला वाटत होते. ती तशीच बँकेत राहील. आग, पूर, मंदी, काही झाले आणि कारखाना बंद पडला, तर तिच्यातून ती झाडे विकत घेतली जातील. शेवटचे झाड घेऊन झाल्यावर उरेल ते धाकट्याचे. त्याने तब्येत सांभाळावी.

कलम तीन, धाकटा. वडिलांचे कातकामाचे यंत्र त्याने मी गावाला गेले असताना भंगारात घातले, हे मी विसरलेले नाही आणि मेल्यावरही विसरेन असे वाटत नाही. तरीही त्याला मी माझी वरची खोली, तिच्यातले सामान आणि लाकूडखरेदीचे काम देते. तो म्हणत आला आहे, "ताई, कापलेल्या फळ्या बाहेरून तयार येतात. झाड वाढायची वाट बघत बसायला आपण काय माळी आहोत?" त्याने आता बांधाबांधाने फिरावे, झाडे बघावी आणि भाव ठरवावा. घासाघीस करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण तो वजनात मारत नाही. लोक त्याच्याशी भांडतील आणि त्यालाच लाकूड देतील. हे कलम ऐकून तो म्हणाला, "मेल्यावरसुद्धा मला कामाला लावणार तू!" मी म्हटले, "जिवंतपणी कुठे ऐकतोस?" मग उठताना त्याने विचारले की उतारावर चढायला कुठले बूट बरे पडतील. माझा भाऊ वाईट नाही. त्याला वाट बघवत नाही, एवढेच.

कलम चार, हत्यारे. रंधे, पटाश्या, शिकंजे कारागिरांचे. छाटणीच्या करवती मात्र कारखान्यातच राहतील. मंदीच्या महिन्यांत आमचे कारागीर शेतांवर जाऊन खालच्या फांद्या छाटून देतात, म्हणजे गाठी कमी होतात आणि शेतकऱ्याच्या पिकाला ऊन मिळते. पहिल्या वर्षी या शहाण्यांनी काय केले? सुतारच ते, फांदीचे थोटूक राहिले कसे म्हणून खोडाशी अगदी सपाट, गुळगुळीत कापली, एकाने तर वर पॉलिश पेपर घासला. जखमा भरेनात, झाडे सडू लागली. फांदीच्या मुळाशी जे फुगीर कडे असते ते झाडाचे मलम असते, ते राखून कापावे लागते. नव्या कारागिराला करवत देताना हे सांगावे आणि दरडावून सांगावे.

कलम पाच. माझी कामावरची गादीची खुर्ची ट्रकवाल्याला. त्याची कंबर गेली आहे. तो गावांकडे सिमेंट भरून जायचा आणि रिकामा परत यायचा, आणि ते रिकामे येणे त्याच्या जिवाला लागायचे. मी म्हटले, "येताना माझं बारीक लाकूड आण, जाताना रोपं ने." म्हणाला, "रोपांचं भाडं कसं घेऊ? त्यांना वजनच नाही." आजतागायत घेतलेले नाही. खुर्ची घ्यायला तो नाही म्हणेल. त्याच्या घरी नेऊन टाकावी आणि पळून यावे.

कलम सहा. गावाबाहेर साबणाचा कारखाना चालवणारी माझी वर्गमैत्रीण. तुझी खुर्ची टोचते, असे ती चारचौघांत म्हणाली होती, आणि त्यावरून आमचा अबोला बरीच वर्षे टिकला. तो मीच मोडला, कारण शिवण थांब म्हणते आणि पोट थांबत नाही. ओळीत मधेमधे कडुनिंब लावला तर त्याच्या बिया दर वर्षी विकता येतात, पण घेणारे कुणीतरी हवे. ती माझे सगळे ऐकून म्हणाली, "बिया घेते. खुर्ची घेणार नाही." तिला मी सहा 'तुकड्या' देते, जेवणाच्या टेबलाभोवतीच्या. टोचल्या तरी बसावे.

कलम सात. बँकेला एक बाक. जुन्या साहेबांनी मला उभे ठेवून सांगितले होते की उभे झाड तारण म्हणून चालत नाही, ते वाळते, पडते, चोरीला जाते. मी विचारले, "माणूस वाळत नाही? पडत नाही? पळून जात नाही? त्याला बरं कर्ज देता!" त्यांनी शिपायाला बोलावले. पुढे आलेल्या साहेबबाईंनी स्वतः बांधावर येऊन झाडे मोजली, आणि झाड विकल्यावरच हप्ता सुरू होईल असे कर्ज शेतकऱ्यांना काढून दिले. बाक त्यांच्या टेबलासमोर ठेवावा. शेतकऱ्याने तिथे बसून बोलावे.

कलम आठ, मी. माझ्या नावाने झाड लावू नये. लोक असले झाड लावतात, भोवती कुंपण घालतात, पाटी ठोकतात, आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. कुणाला राहवलेच नाही तर शेतात, ओळीत लावावे, वेळेवर छाटावे, वयात आले की कापावे आणि बाजारभावाने कारखान्यात आणावे. त्याच्या खुर्चीवर दमलेल्या माणसाने बसावे. मला आयुष्यात दुसरे काही करावे असे वाटले नाही. हा उद्योग मला मनापासून आवडला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मधली बडबड काढून टाकण्याचा त्यांचा आग्रह मी मानलेला नाही.

ठिकाण: कारखान्याची वरची खोली. दिनांक: पाच मे, सोमवार, दुपार.

लिहून देणार: खुर्च्या बनवणारी (सही)

आम्हा दोघांसमोर लिहून देणारीने, आणि तिच्यासमोर आम्ही दोघांनी सह्या केल्या:

साक्षीदार एक: डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार दोन: उतारावरचा शेतकरी. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको, असे वकीलबाई म्हणाल्या. त्याला फुकटचे काही मिळत नाही, गिऱ्हाईक मिळते आहे, असे मी म्हटले. त्याला सगळा कागद दोनदा वाचून दाखवला. सही करण्याआधी त्याने पेन घेऊन स्वतःच्या हाताने पुढचे लिहिले आहे, ते कुणी खोडू नये:

"मी ओळ तोडली होती. बुंध्यांना कोंब फुटले आहेत. दर बुंध्यावर एक सरळ कोंब ठेवून बाकीचे काढायला आजपासून लागतो. बाई असोत वा नसोत." (सही)